लाल पट्ट्याचा खल

मी एक जुना खल आहे मित्रांनो, आणि मला किळस येते.

आत्मवृत्तात आधी जन्म सांगावा, मग बालपण, मग उमेदीची वर्षे, अशी रीत आहे. मीही तसाच बेत केला होता. पण आत्ता माझ्या पोटात मैद्याची खळ आहे. कालची आहे. तिला आंबूस वास सुटला आहे, वर साय धरली आहे आणि त्या सायीवर पाय टेकवावा की नाही याचा विचार करत एक झुरळ माझ्या काठावर उभे आहे. अशा अवस्थेत जन्माची गोष्ट कुणी कशी सांगावी? म्हणून आधी वास सांगतो. जन्म मध्येच कुठेतरी येईल.

माझ्या शेजारी लेबलांचा गठ्ठा असतो. माझ्यातली खळ लावून ती औषधाच्या बाटल्यांवर चिकटवतात. त्यांतली काही मी या गोष्टीवरच चिकटवणार आहे. वाकडी बसली तर बसू द्या.

[ फक्त बाहेरून लावण्यासाठी ]

माझ्यात पहिल्यांदा काय घोटले ते मला अजून आठवते. गंधक. खरजेचे मलम करायचे होते. पिवळी पूड, तिच्यात चरबीसारखा गोळा, आणि वरून घोटणाऱ्या मुलाच्या कपाळाचा घाम. त्यानंतर हिंगाचा अर्क आला. मग डांबरासारखे काळे, जळक्या रबराचा वास मारणारे एक मलम आले. त्याचे नाव मुलांच्या तोंडी बसत नसे आणि त्याचा डाग माझ्या अंगावरून उठत नसे. मग एरंडेल. मग माशाच्या काळजाचे तेल.

त्या तेलाबद्दल पुढे बोलावेच लागणार आहे. आत्ता नको.

बरे, जन्म. उत्तरेकडच्या एका भट्टीत मी भाजला गेलो. पांढरी चिनी माती, जड बूड, ओतायला एक चोच. बाहेरून मला झिलई दिली, आतून दिली नाही. आतून खल खरखरीत लागतो, नाहीतर पूड नुसती घसरत राहते. त्यामुळे बाहेरून मी आरशासारखा आणि आतून कुडाच्या भिंतीसारखा. बाहेर लागलेले पुसले की जाते. आत मुरलेले जात नाही. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवा मित्रांनो. माझ्या आयुष्यात जे काही घडले ते याच्यामुळे घडले.

गवतात गुंडाळून, पेटीत घालून मला मालगाडीने नागपूरला आणले. बरोबर माझा बत्ताही होता. त्याच्याबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. तो नुसता गोल फिरे.

मी पोचलो ते औषधशास्त्राच्या पदवीचे कॉलेज होते. तिथे औषधांची नावे पाठ करून भागत नसे. औषध स्वतःच्या हाताने करावे लागे. लांबच लांब लाकडी टेबले, टेबलांवर तराजू, आम्ही खल, मापाचे पेले, आणि कोपऱ्यात एक सिंक. त्या सिंकबद्दल बोलतो. औषधे करायला शिकवणारे दत्तोपंत सर शहराच्या महाल भागातून सायकलने येत. विषय त्यांच्या जिभेवर होता आणि जिभेवरच पानही होते. ते त्या सिंकमध्ये थुंकत. त्याच सिंकमध्ये मुले चहाची पत्ती टाकत, आणि मला तिथेच धूत.

धूत, म्हणजे काय करत? एक बोट आत फिरवत. नळाखाली धरत. मग फडक्याने पुसत. ते फडके सगळ्या टेबलांना मिळून एकच होते. त्याने तराजू पुसला जाई, स्टूल पुसले जाई, सांडलेले एरंडेल पुसले जाई आणि एका मुलाचे नाकही मी त्याने पुसले गेलेले पाहिले आहे. ते कधी वाळत नसे. त्याला स्वतःचा असा एक वास होता. तो मला भट्टीच्या आगीपेक्षा अधिक आठवतो.

आमची कुणी स्तुती केली नाही असे नाही. पाहुणे आले की दत्तोपंत सर मला उचलून दाखवत. "हेच मुलांचे खरे पुस्तक," असे म्हणत. पाहुणे माझ्या बाहेरच्या झिलईवरून हात फिरवत. आत कुणी बोट घालत नसे.

[ वापरण्यापूर्वी बाटली हलवा ]

अडुसष्ट साली गोपिका आली.

ती काटोलकडची. वडिलांची, देवरावांची, संत्र्याची बाग. घर कडक शाकाहारी पंथाचे. त्यांच्या उंबऱ्याच्या आत अंड्याचे टरफलही कधी आले नव्हते. उंच, हडकुळी मुलगी होती, दोन वेण्या घातलेली, आणि तिला नाक होते. नाक सगळ्यांनाच असते हे मला माहीत आहे. पण तिला खरोखरच होते. दारातून आत आली की कुठल्या टेबलावर काल काय घोटले ते तिला कळे, आणि तिचा चेहरा आंबट होई.

मित्रांनो, मला त्या दिवशी वाटले की इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्या जातीचे भेटले.

ती मला धुवे. राख मागवून घासे, नळाखाली धरे, मग आत नाक घालून हुंगे आणि पुन्हा धुवे. घरून आलेले संत्रे खाल्ले की साल माझ्या पोटात टाके आणि रात्रभर राहू देई. सकाळी मला माशाचा नव्हे, बागेचा वास येई. शेजारच्या टेबलावर सुमती नावाची सीताबर्डीची मुलगी काम करी. तिला हे पाहून फार करमणूक होई.

"गोपिका, आंघोळ झाली असेल त्याची तर गंध लाव, फूल वाहा आणि देवघरात ठेव," ती म्हणे.

"तुझ्या खलात काय वास येऊन राहिला ते पाय एकदा," गोपिका म्हणे.

"कशाला पाहू? मला त्यात जेवायचंय का?"

आता ते तेल. माशाच्या काळजाचे तेल पिवळे असते, जड असते, आणि त्याचा वास घशात बसतो. ते तसेच कुणी पिणार नाही, म्हणून त्याचे इमल्शन करतात. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, त्यांना डिंकाच्या पुडीने एकत्र बांधायचे. खलात तेल घ्यायचे, डिंक घालायचा, मग ठरल्या मापाचे पाणी एकदम ओतायचे आणि एकाच दिशेने जोराने घोटायचे. जमले तर आतून चट्‌चट् असा आवाज येतो आणि सगळे दुधासारखे पांढरे होते. तो आवाज मला आवडे. माझ्या आयुष्यातला तो एकच आवाज मला आवडे. पण त्याला एक अट आहे. पाणी ओतण्याआधी खल कोरडा ठणठणीत पाहिजे. आधीच आत ओल असली तर डिंकाच्या गाठी होतात, तेल सुटते आणि औषध फाटते, दूध फाटते तसे.

गोपिकेने पहिल्या दिवशी तेलाची बाटली उघडली आणि ती तोंडावर पदर धरून खिडकीकडे पळाली. वर्ग हसला. दत्तोपंत सर हसले नाहीत. त्यांनी पान गालात सरकवले.

"बाई, औषध करणाऱ्याला हात असतात, डोळे असतात. नाक नसतं," ते म्हणाले. "उद्यापासून नाक हॉस्टेलवर ठेवून येत जा."

त्या दिवसापासून मुले तिला विचारू लागली, नाक आणलं का?

वर्षाच्या शेवटी प्रत्यक्ष कामाची परीक्षा झाली. तिच्या वाट्याला नेमके तेच तेल आले. तिने मला उचलले आणि हुंगले. आदल्या दिवशी दुसऱ्या तुकडीने माझ्यात तेच घोटले होते आणि बोट फिरवून मला ठेवून दिले होते. तिला ते सोसले नाही. परीक्षेचा वेळ चालू असताना ती सिंकपाशी गेली, मला घासले, नळाखाली धरले, निथळले. पुसायला फडके उचलले. आणि फडक्याचा वास तिच्या नाकात गेला.

तिने ते खाली ठेवले.

मी आतून ओला होतो. माझ्या खरखरीत बुडाशी पाणी धरून बसले होते. वरून ते दिसत नव्हते. तिने तेल ओतले, डिंक घातला, पाणी घातले, घोटू लागली. चट्‌चट् झाले नाही. ती घोटत राहिली. नुसती पचपच झाली. पिवळे थेंब वर आले, एकमेकांत मिसळून मोठे झाले आणि डोळ्यांसारखे तिच्याकडे बघत राहिले.

दत्तोपंत सरांनी बाटली तिरपी करून उजेडात धरली. वर तेल, खाली गढूळ पाणी.

"खल धुतलास?"

"हो सर."

"पुसलास?"

तिने सिंकपाशी पडलेल्या फडक्याकडे पाहिले.

"स्वच्छ भांड्यात फाटलेलं औषध," सर म्हणाले. "हे कोणाला पाजायचं, बाई?"

ती नापास झाली. बाकी सगळ्यात पास, या एकात नापास. दिवाळीनंतर पुन्हा परीक्षा होती. तोवर रुग्णालयाच्या औषधखिडकीवर काही महिने प्रत्यक्ष काम करायचे होते आणि तिथला दाखला आणायचा होता. दाखला नाही तर परीक्षा नाही. परीक्षेत पुन्हा फाटले तर वर्ष गेले आणि कॉलेजही गेले, कारण देवराव निकाल ऐकून आले तेव्हाच तसे बोलून गेले. ते प्रयोगशाळेच्या दारात चप्पल काढून आत आले. त्यांनी मला हातात घेऊन उलटेपालटे पाहिले.

"हे तं आपल्या घरी मिरच्या कुटाचंच हाये," ते म्हणाले. "याच्यानं नापास झाली तू?"

"बाबा, हे वेगळं असते."

"असन. पर तुले जर वासच सहन होत नसन, तं कायले जीव मारून राहिली? अजून एक डाव पाय. नाहीच जमलं तं चाल घरी. संत्र्याच्या पेट्या भरताना कोनाले किळस नाही येत."

त्यांनी हे रागाने म्हटले नाही. रागाने म्हटले असते तर तिला उत्तर देता आले असते.

[ लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका ]

रुग्णालयातला खल फुटला होता. त्यांनी कॉलेजकडे एक उसना मागितला. दत्तोपंत सरांनी मला गोपिकेच्या हातात दिले. "हा तुझ्या फार अंगवळणी पडलाय," म्हणाले. "घेऊन जा."

मला वाटले होते की सिंक सुटला, फडके सुटले. मित्रांनो, मी काय सांगू.

त्या काळी सरकारी खिडकीवर औषध मिळे, बाटली मिळत नसे. बाटली ज्याने त्याने घरून आणायची. सकाळी खिडकी उघडली की हात आत येत आणि प्रत्येक हातात एक बाटली. रॉकेलची. दारूची. खोबरेल तेलाची, आत केस चिकटलेली. एकीत मेलेला मुंगळा. एकीच्या तोंडाला बूच म्हणून चिंधी, आणि ती चिंधी कशाची होती ते मी सांगणार नाही. खिडकीशी खोकणारे, थुंकणारे, खरूज खाजवणारे लोक. मागे बरण्यांत तयार औषधे, लाल, तपकिरी, पांढरी, आणि मध्ये चंपतराव.

चंपतराव तिथले जुने कंपाउंडर. पोट सुटलेले, हात चपळ. बाटली आली की माप भरून ओतायचे, बाटली गेली की पुढची. गोपिकेच्या दाखल्यावर त्यांची सही लागणार होती. माणूस वाईट नव्हता. रांगेतल्या प्रत्येकाशी काहीतरी बोले.

"काय गा, काल पाव बाटली लागत होती, आज पूर्ण आनली. खोकला वाढला का मेहमान आले?"

पहिल्या दिवशी गोपिकेने बाटल्या धुवायला घेतल्या. रांग दारापर्यंत गेली. लोक ओरडू लागले.

"बाई," चंपतराव म्हणाले, "तुमी हे असं धुवत बसल्या तं संध्याकाळी लोकं औषधाविनाच बरे होऊन घरी जातीन."

मग ती शिकली. तिने नाकावर रुमाल बांधला आणि तोंडाने श्वास घ्यायला सुरुवात केली. आठवड्यामागून आठवडे गेले. तिचे हात चपळ झाले. ती माझ्यात गंधक घोटे, मला धुवे, स्वच्छ धुतलेल्या स्वतःच्या पंच्याने आतून कोरडा पुसे. चूक ती सुधारली होती. पण आता ती मला हुंगत नसे. एकदा सुमती तिला भेटायला आली आणि म्हणाली, "नाक हॉस्टेलवर ठेवलंस वाटतं अखेर." गोपिका म्हणाली, "हो, आता येते मले ते." तिच्या आवाजात अभिमान होता. मला मात्र ओकारी आली. वाटले, माझ्या जातीचे जे एक माणूस होते तेही गेले.

पोळा होऊन गेला होता. कपाशीवर फवारणीचे दिवस. दुपारी उकाडा इतका की गोपिकेने पाणी प्यायला रुमाल खाली केला, आणि तेवढ्यात खिडकीतून एक हात आत आला.

हात प्रयागबाईचा होता. पारशिवनीकडच्या खेड्यातली बाई, सकाळच्या यष्टीने आलेली, कडेवर खोकणारा मुलगा. बाटली तपकिरी, जाड काचेची, घासून घासून चकचकीत केलेली. सबंध दिवसात इतकी स्वच्छ बाटली खिडकीवर आली नव्हती.

गोपिकेचा हात पेल्यापाशीच थांबला.

"काका," ती हळू म्हणाली, "या बाटलीले वास येऊन राहिला."

"सगळ्याच बाटल्यांले वास येते बाई. आपल्याले येत नाही काय?" चंपतरावांनी माप ओतलेदेखील. "ही तं बिचारी साबनानं धुवून आनली दिसते. घे वं बाई, दिवसातून तीन डाव, एकेक चमचा. पुढं चाला."

रांग पुढे सरकली. गोपिकेने रुमाल वर ओढला. मी नुकताच धुतलेला तिच्या पुढ्यात होतो, तिने पंचा घेतला आणि मला पुसू लागली. मग तिचे पुसणे मंद झाले. तिने रुमाल पुन्हा खाली केला. खिडकीवर आता काहीच नव्हते, पण तिच्या नाकात ते होते, आणि ती ते कुठून आले ते आठवत होती. मला तिच्या बोटांतून कळत होते. खोबरेल नाही. रॉकेल नाही. बाग. बागेच्या बांधावर ठेवलेला फवारणीचा पंप. वडील तोंडाला धोतराचे सोगे बांधून ओरडताहेत, पोरी, दूर हो तिथून.

ती उठली. मी तिच्या हातातच होतो आणि मला खाली ठेवायचे तिला सुचले नाही.

"बाई, रांग," चंपतराव म्हणाले. "अहो बाई, दाखला पायजे ना तुमाले?"

ती दारातून बाहेर पडली. प्रयागबाई फाटकापाशी लिंबाच्या सावलीत बसली होती. गाडीला वेळ होता म्हणून पहिला चमचा तिथेच पाजावा असे तिने ठरवले होते. मुलगा तोंड घट्ट मिटून मान फिरवत होता. तिने त्याचे नाक चिमटीत धरले होते आणि बाटलीचे झाकण भरून त्याच्या ओठांशी नेले होते.

गोपिकेने तिच्या हातावर फटका मारला. झाकण उडाले. मग तिने बाटली ओढून घेतली आणि उपडी केली. जवळ दुसरे काही नव्हते, म्हणून माझ्यात.

"माह्या पोराचं औषध कायले सांडलं वं बाई?" प्रयागबाई किंचाळली. "सकाळपासून उभी हावो मी रांगेत."

खोकल्याचे ते औषध तपकिरी असते, पण आरपार दिसते. कोऱ्या चहासारखे. बाटलीचा रंगही तपकिरी, त्यामुळे आत काय झाले ते कुणाला दिसले नव्हते. माझ्या पांढऱ्या अंगावर ते दिसले. औषध दुधाळ झाले होते. तळाशी पांढऱ्या सुताची वेटोळी सरकत होती आणि पसरत होती.

परीक्षेत तिच्या हातून जे झाले नव्हते, ते इथे आपोआप झाले होते. बाटलीत उरलेले तेल आणि औषधातले पाणी एक झाले होते. कुणी घोटले नव्हते, चट्‌चट् झाले नव्हते. मी पोटात पुष्कळ घाण घेतली आहे मित्रांनो, पण त्या पांढऱ्याइतके किळसवाणे दुसरे काही नाही.

"मावशी, या बाटलीत पहिले काय होतं?"

"एंड्रिन होतं, पऱ्हाटीवरच्या किडीचं. पर मी राखेनं घासली. ऊन पान्यानं धुतली. उन्हात वाळवली पुरी." प्रयागबाई आता रडू लागली होती. "पाय ना, कशी चकचकीत केली. मले काय समजत नाही का?"

ती खोटे बोलत नव्हती. मला कुणी कधी धुतले नाही इतके तिने त्या बाटलीला धुतले होते.

चंपतराव मागून धापा टाकत आले. ते माझ्यावर वाकले आणि त्यांनी हुंगले. इतक्या महिन्यांत मी त्यांना पहिल्यांदाच काही हुंगताना पाहिले.

"हे पोराले पाजलं असतं तं," ते म्हणाले, आणि डॉक्टरांना बोलवायला वळले.

प्रयागबाई मुलाचे ओठ पदराने पुसत बसली. पुसून झाले तरी पुसत राहिली. डॉक्टरांनी मुलाला संध्याकाळपर्यंत बाकावर निजवून नजरेसमोर ठेवले. त्याच्या पोटात काही गेले नव्हते. पाच वाजता तो उठला आणि फुटाणे मागू लागला.

[ विष ]

दुसऱ्या दिवशी चंपतराव लाल रंगाची डबी आणि ब्रश घेऊन आले. मला चुन्याने, राखेने, साबणाने घासून झाले होते. बाहेरून मी पुन्हा आरशासारखा होतो. त्यांनी माझ्या कमरेभोवती बोटभर रुंद पट्टा ओढला.

"धुतला आहे काका मी चांगला," गोपिका म्हणाली.

"तिनंही धुतली होती," चंपतराव म्हणाले.

मग त्यांनी कॉलेजला निरोप पाठवला की उसना खल परत येणार नाही. तिच्या दाखल्यावर सही केली. आणि खिडकीच्या आतल्या बाजूला, स्वतःच्या उजव्या हाताशी एक स्टूल मांडले. रांगेतली प्रत्येक बाटली आधी त्या स्टुलावर बसलेल्या गोपिकेच्या नाकाखालून जाऊ लागली. लोक हसत. बाटल्या हुंगणारी बाई म्हणत. एक म्हातारा तर म्हणाला, "माह्या बाटलीत काय वास येते ते सांग, म्या कोनती पेली ते मले आठवत नाही." तिने सांगितले. रांग हसली. तीही हसली. रुमाल तिने त्यानंतर बांधला नाही.

[ थंड व कोरड्या जागी ठेवा ]

दिवाळीनंतरच्या परीक्षेत मी नव्हतो. ती दुसऱ्या खलात झाली. मला ते पाहता आले नाही, याचे वाईट वाटते. ते तेल तिच्या वाट्याला आले, तिने खल धुतला, हुंगला, आपल्या पंच्याने कोरडा केला, पुन्हा हुंगला, एवढे मला ती परत आली तेव्हा तिच्या बोलण्यातून कळले. ती नुकत्याच उतरलेल्या आंबिया बहराच्या संत्र्यांची पिशवी घेऊन आली होती.

"मग, चट्‌चट् झालं?" चंपतरावांनी विचारले. कुठून तरी त्यांना तो आवाज ठाऊक होता.

"झालं काका. सर बाटली तिरपी करून पाहत राहिले, पाहत राहिले, काही सुटलंच नाही. मग म्हणे, नाक आणलंस का? म्या म्हटलं, हो सर, आणलं."

"मग?"

"मग काही नाही. सिंकमध्ये जाऊन थुंकून आले आणि मार्क मांडले."

चंपतराव पोट धरून हसले. तिने एक संत्रे सोलले, फोडी त्यांना दिल्या आणि साल माझ्या पोटात टाकली. मला वाटले, आता रात्रभर बागेचा वास. सकाळी तिने साल काढली, मला धुतले, आत नाक घातले आणि बराच वेळ हुंगत राहिली. मग मला औषधांच्या फळीवर न ठेवता खिडकीच्या खाली, लेबलांच्या शेजारी ठेवले. मैद्याची खळ करून माझ्यात ओतली.

तेव्हापासून मी इथे आहे. चंपतराव पेन्शनीत गेले. गोपिका पदवी घेऊन इथेच नोकरीला लागली आणि आता या खिडकीची मुख्य आहे, केस पिकू लागले आहेत. खोकल्याचे औषध कारखान्यातून तयार बाटलीत येते. दर वर्षी पदवीची नवी मुले कामाला येतात. त्यांतल्या एखाद्याचे तोंड आंबट झाले की बाकीची हसतात. गोपिका हसत नाही. त्याला बोलावते आणि म्हणते, जवळ जाऊन हुंग, आणि काय आहे ते मला सांग.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी भांडी शेवटी हात जोडून सांगतात की आम्हांला अडगळीत टाकू नका, पुन्हा वापरा. मी उलटे सांगतो. मला वापरू नका. मी कितीही चकचकीत दिसलो तरी माझ्यावर विश्वास ठेवू नका. आत काय मुरले आहे ते मलासुद्धा सांगता येत नाही. झुरळ मारा, आंबलेली खळ फेका, मला घासा, कोरडा करा, तेवढे जरूर करा. आणि किळस आली तर ती लाजून गिळू नका.

रोज सकाळी खिडकी उघडण्याआधी गोपिका शिळी खळ ओतून देते आणि मला धुते. अजूनही मला तोंडाशी नेऊन एकदा हुंगते. मी दरवेळी औषधांच्या फळीची थोडी आशा धरतो. ती नाही म्हणून मान हलवते आणि मला पुन्हा खाली ठेवते.

बरे करते.